कमरेच्या उंचीवरची कॅलेंडरं

पुंजाजींच्या ओसरीत शिरताना आरोहीच्या छत्रीची काडी समोरून येणाऱ्या तरुणाच्या खिशात अडकली.

"थांबा... हलू नका."

"नाही हलत. मले घाई नाही."

तो गोकुळ, पुंजाजींचा मुलगा. संग्रामपूर तालुक्यात कितीतरी छपरांवर त्याने सोलरच्या पाट्या बसवलेल्या. स्वतःच्या छपरावर एकही नाही. टिनाला वजन झेपत नव्हतं.

आरोही बुलढाण्याहून सर्व्हेला आली होती. जी घरं पुराच्या धोक्यात म्हणून नोंदली जातील, त्यांना टेकाडावर जागा मिळणार होती. नियम एकच – घरचे सांगतील तेच लिहायचं. डोळ्यांना दिसेल ते लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

पण रविवारी गोकुळच्या सोयरिकीसाठी जानेफळचे पाहुणे घर पाहायला यायचे होते. मुलगी देण्याआधी घर पाहतात, आणि शहाणे लोक त्याआधी गुपचूप चौकशीला माणूस धाडतात. हातात कागद घेतलेली आरोही पाहून पुंजाजींनी काय ते ओळखलं.

"काका, मी सर्व्हेची –"

"समजलं, समजलं! विचारा."

"स्वयंपाक कशावर होतो?"

"सोलरवर," पुंजाजी म्हणाले. आतून गोकुळच्या आईच्या, गीताबाईंच्या चुलीचा धूर बाहेर आला आणि सगळे खोकले.

"नाला किती लांब?"

"कोणता नाला?"

नाला मागच्या भिंतीला लागून खळखळत होता. त्याला कुणी आधी सांगून ठेवलं नव्हतं.

"हवामान बदलतंय, असं वाटतं?"

"आमच्या घरी काहीच बदलत नाही. पोरगं तर बिलकुल नाही. तंबाखू नाही, बिडी नाही."

आरोहीने ओठ दाबून लिहून घेतलं. मग तिचं भिंतींकडे लक्ष गेलं. ओळीने कॅलेंडरं, सगळी कमरेच्या उंचीवर.

"इतकी खाली?"

"लेकरांले दिसावी म्हणून."

"लेकरं किती?"

"होतील ना!"

गोकुळ कानापर्यंत लाल झाला. आरोहीने नजर फॉर्ममध्ये लपवली.

"सोलरबद्दल... तुमचं मत?" तिने त्यालाच विचारलं.

"चांगलं आहे. पण छप्पर पक्कं असलं तर. ज्याचं घरच वाहून जाणार, तो पाट्या कुठी लावीन?"

"मग या फॉर्मवर सही कराल? यात लिहिलंय, घराला धोका नाही. सही केली, तर टेकाडावरची जागा मिळणार नाही."

गोकुळ एकेक कॅलेंडर उतरवू लागला. मागे पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती... सगळ्या भिंतींवरून सरळ गेलेली.

"काय करून राह्यला बे? जानेफळले समजलं तर पोरगी कोण देईन?"

"नाही देणार, तर नाही देणार. कोणाची पोरगी आणून तिले पाण्यात उभी करू का, बाबा?"

आरोहीने टेप काढला. खालचं टोक त्याने धरलं, वरचं तिने. तो वर पाहत होता. तिने तीनदा मोजलं, कारण दोनदा आकडा विसरली.

"तुम्ही जानेफळच्या नाही?" पुंजाजींनी विचारलं.

"बुलढाण्याची, काका."

"मंग मी येवढं खोटं कोणासाठी बोललो?"

रविवारी पाहुणे आले. रेघ पाहिली, चहा घेतला, 'कळवतो' म्हणाले. अजून कळवताहेत.

दिवाळीआधी टेकाडावर नव्या घराचा पाया घातला गेला. आरोही तपासणीला आली. गोकुळ म्हणाला, "आपली पहिली पाटी या घराच्या छपरावर बसवणार."

"एक रकाना राहिलाय... नव्या घरात माणसं किती?"

"आई, बाबा, मी. तीन." तो थांबला. "म्हणजे... सध्या."

आरोहीने पेन उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं – चार.

"अन् चूक झाली असंन तर?" त्याने हळूच विचारलं.

"आमच्या फॉर्मवर," ती म्हणाली, "खाडाखोड चालत नाही."