बंद केलेला माइक

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो सुखदेव माझा सख्खा चुलतभाऊ आहे.

रात्रीची नाही, भरदुपारची गोष्ट. गेल्या फेब्रुवारीतली, सौंसर आणि पांढुर्ण्याची.

पांढुर्ण्याला सुखदेवचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या मशीनच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं तो स्वतःच सांगतो. नवीन काही टाकायचं नाही. जे लागत नाही ते बंद करत जायचं, की मशीन आपोआप पळते. आणि काय लागतं, काय नाही, हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. त्यांना काय समजतं!

सौंसरला त्याचे मामा राहत, भिवाजी. अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणावर. डावा हात तेवढा हलायचा. तोंडातून धड एकच शब्द निघायचा... "सुचे."

सुचिता त्यांची एकुलती मुलगी. मोहगावला एका ऑफिसात नोकरी करायची. तिनंच सुखदेवला फोन केला.

"दादा, घरचा कॉम्प्युटर बहुतच हळू चालून राहिला. येऊन पाहून दे ना. चावी शेजारच्या वत्सलाकाकूपाशी आहे."

बुधवारी दुपारी तो गेला. मशीन सुरू व्हायलाच चार मिनिटं लागली. मशीनमध्ये काय काय चालू आहे, त्याची यादी त्यानं उघडली. ब्लूटूथ बंद. फॅक्स बंद. मग माइक... त्याची वायर मामांच्या उशाशी गेलेली. इथे कोण गाणं म्हणणार आहे? बंद. खाली एक सर्व्हिस, म्हणजे मागच्या मागे चालणारा प्रोग्राम, चालू होती, नाव कधी न ऐकलेलं. तीही बंद.

मामांचा डावा हात वर झाला.

"सुचे... सुचे..."

"येते ना ते, मामा. सहा वाजता येते. झोपा तुम्ही."

हात हलतच राहिला. मॉनिटरकडे.

सुखदेवनं त्यांना पाणी पाजलं आणि हात चादरीत घातला. आता मशीन पस्तीस सेकंदांत सुरू झाली. त्याचा व्हिडिओ काढून त्यानं स्टेटसला टाकला.

दुसऱ्या दिवशी मामा गेले.

पलंगावरून खाली पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, दुपारी तीनच्या सुमारास. सुचिताला कळलं ते संध्याकाळी सहाला, दार उघडल्यावर.

माती झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली होती. तेव्हा तिच्याच तोंडून सुखदेवला कळलं. तो माइक तिनं मुद्दाम लावून घेतला होता. मामांनी हाक मारली की मोहगावला तिचा मोबाइल वाजायचा आणि ती वीस मिनिटांत घरी यायची.

"बाबानं मले हाकच नाही मारली, दादा. शेवटच्या टायमाले त्याले मी नाही आठवली."

 सुखदेवला एक वाक्य सांगायचं होतं, बस. मारली असेल, मीच बंद केलं होतं.

तो उठून आत गेला. दार लोटलं. माइक आणि ती सर्व्हिस पुन्हा चालू करून ठेवली... कोणी तपासलं तर आपलं नाव निघू नये म्हणून.

हे मला सांगताना त्यानं मान वर केली नाही.

आठ दिवसांनी सुचितानं ती मशीन त्यालाच देऊन टाकली. घरात पाहवत नाही म्हणाली. त्यानं हार्ड डिस्क काढली, मशीन पोत्यात बांधली आणि दुकानाच्या माळ्यावर टाकली. माइक तर सौंसरलाच राहिला होता.

सोमवारी दुपारी तीनला तिचा फोन आला.

"दादा, ते मशीन चालू केलं काय तू?"

"नाही. काऊन?"

"माया मोबाइल वाजून राहिला होता. घरच्या माइकवाली रिंग. उचलला तर... कोणीतरी श्वास घेऊन राहिलं होतं."

दुकानात लाइट नव्हती. पंखा कधीचा थांबलेला.

सुखदेवनं वर पाहिलं.

पोत्याच्या आतून एक हिरवा दिवा दिसत होता...

मग आवाज आला. हळू, ओढलेला.

"सुचे..."

आधी माळ्यावरून. मग कानाला लावलेल्या फोनमधून, तिच्या बाजूनं.

तिकडे सुचिता रडायलाच लागली. "आयकलं काय, दादा? बाबा हाक मारून राहिला! मंग त्या दिवशी काऊन नाही मारली?"

"नेटवर्कचं काही असन," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मशीन त्यानं त्याच संध्याकाळी भंगारात दिली. पण सुचिताचा मोबाइल अजून वाजतो. रोज तीनला. ती ऑफिसच्या बाहेर येऊन उचलते, "आली, बाबा" म्हणते, आणि मग सुखदेवला फोन करून तेच विचारते.

त्यानं आजवर तिला उत्तर दिलेलं नाही.

"तू सांग ना तिले," तो मला म्हणाला. "माया तोंडातून निघतच नाही."

मी हो म्हणालो. या गोष्टीला तीन आठवडे झाले. दोनदा सौंसरला जाऊन आलो, तिच्या घरी चहासुद्धा प्यालो, आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो.

परवा दुपारी तीनला माझा मोबाइल वाजला. स्क्रीनवर नंबर नव्हता, नाव नव्हतं.

मी उचलला नाही.