इनपुटच्या आधी

ऋजुताच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गाणं सोडून सगळं बाहेर येत होतं. आधी घरघर आली, मग शिट्टी, आणि शुक्रवारच्या प्रॅक्टिकलला तर बारीकसा धूर. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सगळे हसले. तीही हसली, पण घरी येऊन जेवली नाही.

शेवटचं वर्ष होतं. वर्गातल्या बहुतेकांनी तयार किट आणून जोडली होती. हिला प्रत्येक रेझिस्टर स्वतः निवडायचा होता, म्हणून साधाच, दोन टप्प्यांचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. साधाच, पण तो तिचा होता. तीन आठवडे झाले तरी तो तोंड उघडेना. परीक्षा एप्रिलच्या शेवटी होती.

तिचे वडील देवव्रत कर्जतला शाळेत विज्ञान शिकवायचे. ताटावरून उठलेल्या मुलीकडे बघून ते म्हणाले, "उद्या खालापूरला मुनाफकडे जा. आमच्या शाळेचा माइक पंचवीस वर्षं त्यानेच जिवंत ठेवलाय."

मुनाफचाचांचं दुकान खालापूरच्या एसटी थांब्यामागे होतं. पुढे शटर, तीन पायऱ्या, आत भिंतभर भोंगे टांगलेले, आणि मागे दोन खोल्यांत चाचा आणि नफिसाचाची राहायचे. समोर हरीची चहाची टपरी. महामार्गाची घरघर दिवसभर कानाशी असायची. चाचांचं वय सत्तरीला टेकलेलं, चष्म्याची एक काडी सोल्डरच्या तारेने बांधलेली. तरुणपणी माथेरानच्या हॉटेलांत लग्नासाठी त्यांनी घोड्याच्या पाठीवर अ‍ॅम्प्लिफायर बांधून नेले होते, आणि ती गोष्ट ते पहिल्या पाच मिनिटांतच सांगायचे.

"घोडा खोकला की वाल्व हलायचे," ते म्हणाले. "चल, दाखव तुझं बाळ."

ऋजुताने बोर्ड पुढे ठेवला आणि लगेच सोल्डरगन उचलली. चाचांनी ती काढून घेतली.

"हात नाय लावायचा. आधी डोळे. मग नाक. मग मीटर. पयल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर किती हाय?"

"बारा व्होल्ट."

"आणि पुरवठा किती?"

"बाराच."

"म्हंजे वरचं पाणी सगळं वरच. नळ उघडलाच नाय. का नाय उघडला, ते मी सांगनार नाय."

तिला अर्धा तास लागला. बेसवर जेमतेम पाव व्होल्ट होता. तेवढ्यावर ट्रान्झिस्टर जागा होत नाही. खालचा रेझिस्टर तिने भिंगातून पाहिला. पट्टे तपकिरी, काळा, लाल. शेवटचा नारिंगी हवा होता. दहा हजारांच्या जागी एक हजाराचा लावून ती तीन आठवडे नशिबाला दोष देत बसली होती. तिने कपाळावर हात मारला.

"लाजतेस काय गं?" चाचा म्हणाले. "सर्किट तुझ्याशी बोललं की आज. बाकीच्यांशी बोललं का?"

नंतर ती रोज दुपारी स्कूटीने येऊ लागली. चाचा फक्त प्रश्न विचारायचे. जळालेला ट्रान्झिस्टर तिने स्वतः शोधला, सुटलेला सांधा स्वतः शोधला. चौथ्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर बोलला. माइक दुकानातल्या टेबलावर होता. शिट्टी वाजू नये म्हणून स्पीकर लांब, मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला होता. नफिसाचाची ओढणी सावरत माइकसमोर उभ्या राहिल्या आणि अवघडून म्हणाल्या, "ऋजुता, सांदणं केलीत, खाऊन जा." मागच्या खोलीतून तो आवाज स्वच्छ आला. चाचांनी टाळ्या वाजवल्या.

पहिली विचित्र गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. ऋजुता मागे स्पीकरजवळ बसून वहीत आकृती काढत होती. स्पीकरमधून चाचांचा खोकला आला. मग पुढच्या दुकानातून चाचा खोकले.

एकच खोकला, दोनदा. तिला आधी त्याचं काही वाटलं नाही. तारेतून आवाज लगेच येतो, हवेतून यायला वेळ लागतो, एवढं तिला ठाऊक होतं. मग तिने सवयीने हिशेब केला. दुकानापासून खिडकीपर्यंत पाच मीटर. म्हणजे पंधरा मिलिसेकंद. एवढं कानाला कळतच नाही.

तिने आवाजाची लहर पडद्यावर दाखवणारा, चाचांनी जुन्यात घेतलेला डिजिटल स्कोप लावला. एक चॅनेल माइककडे, दुसरा स्पीकरकडे. पेन्सिलने माइकवर एकदाच टकटक केलं. पडद्यावर आधी आउटपुटचा उंचवटा उठला. मग थोडी सपाट रेघ. मग इनपुटचा.

"चॅनेल उलटे लावलेस काय?" चाचांनी विचारलं.

तिने अदलाबदल केली. उत्तर तेच आलं. आउटपुट आधी, इनपुट नंतर. मधलं अंतर शून्य पूर्णांक चार सेकंद.

चाचांनी चष्मा पुसून पडदा पुन्हा पाहिला. "पन्नास वर्सं काम केलं," ते हळूच म्हणाले. "असलं नाय बघितलं."

पण ती चाचांचीच शिष्या होती. दोष असेल तर कुठल्यातरी भागात असणार. तिने कपॅसिटर बदलले. ट्रान्झिस्टर बदलले. माइक, स्पीकर, वायरी, पुरवठा बदलला. स्कोपही कॉलेजचा आणून पाहिला. शेवटी बोर्डसुद्धा नवा घेतला. जुन्यातलं काहीच उरलं नाही, तरी अंतर कमी होईना. उलट ते वाढत होतं. वहीत ती तारखेपुढे आकडा लिहायची. दोन सेकंद. नऊ सेकंद. एक मिनिट. अकरा मिनिटं.

एव्हाना ते भीतीदायक वाटायला हवं होतं. पण चाचांनी त्याची मजा करून टाकली होती. मागच्या खोलीत बसून ते पुढच्या दुकानात पाव तासाने काय होणार ते ऐकायचे, आणि गिऱ्हाईक यायच्या आत स्क्रूड्रायव्हर काढून ठेवायचे.

"चाचा, तुमाला कसं कळलं फ्यूज उडालाय?" लोधिवलीचा मंडपवाला तोंडाचा आ करून विचारायचा.

"तुझ्या चालीवरनं," चाचा गंभीरपणे सांगायचे, आणि ऋजुता तोंडात ओढणी कोंबून मागे पळायची.

नफिसाचाची मात्र हसत नसत. "बंद करा ते," त्या एकदा म्हणाल्या. "यायचं ते आलं की ऐकू. आधी कशाला?"

"मशीन खोटं नाय बोलत गं," चाचा म्हणाले.

"म्हनून तर म्हंते."

त्या मंगळवारी दुपारी तिघंही मागच्या खोलीत होती. सकाळी मोजलेलं अंतर चाळीस मिनिटं होतं. मार्चचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. चाचा पाठीमागे उशी घेऊन बसले होते. सकाळपासून डावा खांदा दुखतोय म्हणत होते. दोन पन्नासला स्पीकर खरखरला.

आधी स्टूल पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड.

मग ऋजुताचा आवाज. "चाचा! चाचा, काय होतंय? चाची, लवकर या! चाचा, ऐका ना!"

ती स्वतःचाच आवाज ऐकत होती. असा आवाज तिने आयुष्यात कधी काढला नव्हता.

मग नफिसाचाचींचं रडणं सुरू झालं. ते थांबेना. चाचांनी हात लांब करून स्पीकरची वायर ओढली.

भिंतीवरच्या घड्याळात दोन बावन्न झाले होते.

"साडेतीनला," ऋजुता म्हणाली. "चाचा, उठा. दवाखान्यात जायचंय."

"अगं, खांदा तर दुखतोय नुसता. वयच झालंय, मी—"

"तुम्हीच शिकवलंत ना, मीटर दाखवतंय ते मानायचं म्हणून? उठा!"

नफिसाचाचींनी चाचांच्या पायांशी चपला आणून ठेवल्या. ते उठले.

चाचींनी मागच्या दाराला कुलूप लावलं, ऋजुताने शटर ओढून कुलूप घातलं. रिक्षात बसताना तिला हरीच्या टपरीवर गर्दी दिसली, एवढंच आठवतं. तिने वडिलांना फोन केला. खोपोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, आणि कागदाची पट्टी हातात घेताच त्यांचा चेहरा बदलला. बरोबर साडेतीनला, त्याच पलंगावर, चाचांचं हृदय थांबलं.

डॉक्टर शेजारीच उभे होते. मशीन शेजारीच होतं. विजेच्या दुसऱ्या झटक्याला हृदय परत चालू झालं.

ऋजुता बाहेर बाकावर चाचींचा हात धरून बसली होती. ती ओरडली नाही. चाचीही रडल्या नाहीत. त्यांचे ओठ नुसते हलत होते. साडेतीन वाजले, वाजून गेले. तेवढ्यात देवव्रत धापा टाकत आले आणि रात्रीपर्यंत तिथून हलले नाहीत. डॉक्टर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत म्हणून वाचले."

दुसऱ्या दिवशी ऋजुताचा घसा पूर्ण बसला होता. शब्द फुटेना. आदल्या दुपारी जिवाच्या आकांताने किंचाळल्यासारखा आतून सोललेला. आईने हळदीचं दूध दिलं आणि म्हणाली, धसका घेतला असशील.

चाचा नवव्या दिवशी घरी आले. देवव्रतांनी त्यांना गाडीतून आणलं. महिनाभर जिना नाही, वजन नाही, तंबाखू नाही. चाचींनी दाराशी उभं राहून त्यांच्यावरून अंडं ओवाळून टाकलं. दुकान उघडल्यावर ऋजुताने अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर घेतला, स्कोप जोडला आणि माइकवर टकटक केलं. दोन्ही उंचवटे एकाच क्षणी, एकाखाली एक उठले. तिने वीस वेळा करून पाहिलं.

"सुधारला?" खुर्चीतून चाचांनी विचारलं.

"सुधारला."

"कशानं?"

"माहीत नाही."

"मग तसं लिव. माहीत नाय असं लिवायला लाजायचं नाय."

तिने ते कुठे लिहिलं नाही. परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी अ‍ॅम्प्लिफायर उलटसुलट तपासला, मुद्दाम एक वायर काढून दोष शोधायला लावला. तिने आधी डोळे वापरले, मग नाक, आणि मीटर लावायच्या आतच बोट ठेवलं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाकडे शिकलात?"

त्या दुपारी ती पेढे घेऊन थेट खालापूरला आली. चाचा टेबलाशी बसले होते, समोर कुणाच्यातरी घरचा रेडिओ उघडा पडलेला. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "अर्धाच खातो, चाचीला सांगू नको," आणि दुसरा अर्धाही खाल्ला. मग म्हणाले, "जा, हरीकडनं चहा आन. बिनसाखरेचा सांग, म्हंजे तो साखरेचाच देईल."

ती हसत रस्ता ओलांडून गेली. हरी आधण ढवळत होता. तिने पेढा पुढे केला. त्याने तो घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"एक इचारू का?" तो म्हणाला. "चाचा धड बरे होईस्तोवर बोललो नाय. त्या मंगळवारी तू का वरडत होतीस?"

"कधी?"

"दुपारी, साडेतीनला. चाचा, चाचा, ऐका ना. केवढ्यानं वरडत होतीस! मी चहा टाकून धावलो. तर शटरला भायेरनं कुलूप. मागनं गेलो, थितं पन कुलूप. आत चाची रडतेय. मी कडी वाजवली, हाका मारल्या. कुनी ओच देईना."

ऋजुताच्या हातातली पेढ्यांची पेटी तशीच राहिली. "आम्ही तिघं दवाखान्यात होतो, हरीदादा. खोपोलीला."

"ते मला मागनं कळलं," हरी म्हणाला. त्याने गॅस बारीक केला. रस्त्यापलीकडे चाचा रेडिओवर वाकले होते, ओठांत काहीतरी गुणगुणत. त्यांच्याकडे बघायचं टाळून तो बोलत राहिला.

"मानसं जमली आत. लई. बोलनं कळत नव्हतं, नुसती कुजबूज. सांजच्याला चार जन काय तरी जड उचलून नेतात ना, तसं पाय वाजले. शटर तर बंदच. पन पाय थेट पायऱ्यांवर आले, माझ्या समोर. आनि तुझे वडील बोलले. मी सरांचा आवाज वळखतो ना. लई हळू बोलले."

"काय?"

हरीने चहा गाळला, कप तिच्यापुढे सरकवला.

"म्हनाले, सावकाश. तीन पायऱ्या आहेत."