बिननावाची विंडो

"सर, माह्या पोरीनं नक्कल केली नाई. तुमी पुन्हा एक डाव पाहून घ्या."

शटर वर व्हायच्या आधीच पुंजाजी मुलीला घेऊन मालेगावच्या टायपिंग केंद्राच्या पायरीवर बसले होते. संस्कृतीचा डावा गाल सुजला होता. दाढ दुखत असेल, असं समजून हरीओमनं कुलूप काढलं.

हरीओम म्हणजे केंद्राचा चालक, शिक्षक आणि त्याच्या स्वतःच्या मते तालुक्यातला एकमेव प्रोग्रामर. परीक्षेवर नजर ठेवणारा प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. पेपरची विंडो पडद्याभर पसरवायची, सगळ्यांच्या पुढे ठेवायची आणि दुसरी विंडो तिच्यापुढे आली की वेळ टिपायची. तीनदा असं झालं की विद्यार्थी बाद. परवा चार नंबरच्या संगणकावर ते सात वेळा झालं होतं. तिथं संस्कृती बसली होती.

शिक्षा दोन वर्षं बंदी. लिपिकाच्या भरतीसाठी तिला प्रमाणपत्र याच वर्षी हवं होतं. दुपारी चार वाजता परीक्षा मंडळाच्या वर्षाराणी मॅडम येऊन अहवालावर सही करणार होत्या.

तेवढ्यात हरीओमच्या बायकोचा, रेणूचा फोन आला. "आजबी मोटर बंद-चालू होऊन राह्यली, परवासारखी. हरबऱ्याले पानी कसं द्याचं? परवा तं तुमचा फोनबी बंद."

"परीक्षा होती ना! नियमानं खणात ठेवला होता," असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि संस्कृतीकडे वळला.

"काय उघडलं होतं तू?"

"काईच नाई. कोपऱ्यात काहीतरी हिरवं चमके अन् जाय. मी हात वर केला होता, सर. तुमी म्हणले, गप टाइप कर."

हरीओमला ते आठवलं.

परवा शेजारच्या पाच नंबरवर फुलचंद होता, एक नंबरचा वात्रट. त्याला बोलावून घेतलं.

"तिच्या कीबोर्डले हात लावला होता?"

"मी कायले लावू? माहाच उतारा पुरा झाला नाई. अन् तुमी तं मागंच उभे होते."

तेही खरं होतं. हरीओमनं नोंदी उघडल्या. अकरा वाजून चार मिनिटं, अकरा वाजून नऊ, सव्वाअकरा... पण दर वेळी दुसरी विंडो पुढे राहिली होती नेमके दोन सेकंद. सातही वेळा दोनच.

इथं तो थबकला. नक्कल करणारा घाबरलेला असतो. कधी झटकन परततो, कधी रेंगाळतो. माणसाची बोटं इतकी शिस्तीची नसतात. हे काम दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामचं होतं.

चार नंबरवर बसून त्यानं, लपलेल्या धरून, सगळ्या विंडोंची यादी मागवली. एकोणीस निघाल्या. अठरा ओळखीच्या. एक बिननावाची, लपवलेली, उजव्या कोपऱ्यातली. त्यानं तिला समोर यायचा हुकूम दिला.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: मोटर चालू.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती विंडो पुसायला हरीओमला अर्धं मिनिट पुरलं असतं. ना मॅडमना कोड वाचता येत होता, ना पुंजाजींना. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती आणि केंद्र वाचलं असतं. त्याचं बोट बटणावर गेलंही. मागे बाकावर संस्कृती गालाला हात लावून बसली होती. त्यानं बोट उचललं आणि रेणूला फोन लावला.

"परवा मोटर किती खेपा चालू झाली?"

"सात. काहून?"

चार वाजता मॅडम आल्या. हरीओमनं त्यांना चार नंबरसमोर बसवलं, पेपरची विंडो उघडली आणि फोनवर म्हणाला, "रेणू, मोटर बंद करून चालू कर."

सगळे पडद्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं कोपऱ्यात हिरवं काहीतरी चमकलं आणि गेलं. नोंदीत एक ओळ वाढली. दोन सेकंद.

"हा कुणाचा प्रोग्राम?" मॅडमनी विचारलं.

"माहा. दिवाळीत विहिरीवरच्या स्टार्टरले मोबाइलचं यंत्र जोडलं. मोटर चालू झाली की मेसेज येते. एरवी मी याच संगणकावर बसतो, म्हणून इथंबी दिसाची सोय केली. विंडो सगळ्याईच्या पुढं आणाची, दोन सेकंदानं लपवाची. परीक्षेआधी काढाची इसरलो. परवा फोन बंद होता, पण मेसेज इथं येतच राह्यले. या पोरीनं काईच केलं नाई."

"मग अहवालात दोषी कोण लिहू?"

"माहं नाव लिहा."

"केंद्र बंद होईल तुमचं."

"होऊ द्या."

मॅडमनी संस्कृतीच्या नावापुढचा 'बाद' शेरा खोडला, शेजारी सही केली आणि फेरपरीक्षेची तारीख सांगितली. पुंजाजी मात्र उठले नाहीत. ते जमिनीकडे पाहत होते.

"पोरीनं नक्कल केली मनून तुमचा फोन आला, सर, अन् मी हिच्या थोबाडीत देली. मनलं, सर कायले खोटं बोलतीन?"

म्हणजे दाढ दुखत नव्हती. इतकी शरम हरीओमला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संस्कृतीनं वडिलांचा हात धरून त्यांना उठवलं. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"सर, मी हात वर केला होता."

"हो," हरीओम म्हणाला. "मी पाह्यला होता."