मांडीवरचे हात

“हात मांडीवर ठेव, आगनेटा!”

वडिलांचा स्वर चढलेला नव्हता. म्हणूनच तो अधिक लागला. आतल्या खोलीत तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली आई कण्हत होती, सुसानवहिनी तिला कुशीवर वळवताना धापा टाकत होती, आणि आगनेटा... जिच्या हातांना त्या जर्जर देहातले हाडन् हाड ठाऊक होते, ती आगनेटा दाराशी खुर्चीवर रिकामी बसली होती!

तलासच्या खोऱ्यातल्या त्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथाच्या गावात आगनेटाचे वडील कॉर्नेलियस विबे हे मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, उपदेशक. बाप्तिस्मा घेणाऱ्याने सर्वांसमोर उभे राहून आपले तारण, म्हणजे पापातून सुटका, केव्हा, कशी झाली ते सांगायचे, ही तिथली रीत. आगनेटा तीन वर्षे उभी राहिली, तिन्ही वेळा म्हणाली, “मला ठाऊक नाही.” खोटे तिला बोलवेना. वडिलांना वाटले, मुलगी सेवा करकरून स्वर्ग कमावू पाहते आहे. म्हणून यंदा त्यांची आज्ञा होती : ईस्टरपासून पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, पन्नास दिवस, कशालाही हात लावायचा नाही, केवळ कृपेची वाट पाहायची.

“बसा राणीसाहेब!” ओल्या चादरी नेताना वहिनी म्हणाली. “तुमचं तारण होईतो आमची कंबर मोडणार.”

आगनेटाने डोळे मिटले. येते आहे का काही?... अंतःकरणात निबिड अंधार होता, आणि त्या अंधारात आईचे कण्हणे.

चाळीसाव्या दिवशी आतल्या खोलीतून वास आला. सडणाऱ्या कातडीचा... ती उठली.

“पापा, आईच्या पाठीला जखमा झाल्यात.”

“दहाच दिवस राहिलेत, पोरी. आत्ता उठलीस तर यंदा बाप्तिस्मा नाही. मध्येच मरण आलं तर तुझ्या आत्म्याचं काय?”

“जाईल नरकात!” ती म्हणाली. “मला खरंच भीती वाटते त्याची, पापा... पण ती माझी आई आहे!”

ती आत गेली. तिला अडवायला म्हणून वडील मागोमाग आले, आणि जागीच थिजले. तीन वर्षे त्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या त्या माणसाने पत्नीची पाठ कधी पाहिलीच नव्हती.

“आलीस?” आई क्षीणपणे म्हणाली. “किती लांब गेली होतीस गं...”

आई आठ दिवस जगली.

पेंटेकॉस्टला प्रार्थनामंदिरात प्रभुभोजनाची भाकर बाकाबाकावरून फिरली. शेवटच्या बाकावरच्या, बाप्तिस्मा न झालेल्या आगनेटाला वगळून पुढे गेली. मग एकमेकांचे पाय धुण्याचा विधी. त्यासाठी दरवर्षी पाणी तापवायची ती आगनेटाच. यंदा ते कुणाला सुचलेच नव्हते.

वडील घंगाळ घेऊन शेवटच्या बाकापाशी आले.

“अहो विबे, ती मंडळीत नाही!” कुणीतरी कुजबुजले.

“ठाऊक आहे,” म्हणत ते तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

“पापा, नको... मी काय केलंय असं?”

“काही नाही.” त्यांनी घंगाळ खाली ठेवले. “तू काहीच नाही केलंस, पोरी. मी केलं... पाय पुढे कर.”

डोंगरावरच्या वितळत्या बर्फाचे ते पाणी होते. पाऊल बुडताच कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. तिने ते सांगितले नाही. तिचे हात मांडीवर होते.