डोळे उघडून देणारे बाबाराव

नवा कॉम्प्युटर आदिलाबादहून बसने आला, ड्रायव्हरच्या शेजारी, बॉनेटवर पाहुण्यासारखा बसून. उटनूरच्या स्टँडवर अर्पिताने तो उतरवून घेतला आणि ऑटोत मांडीवर धरून घरी आणला. चंद्रभागाबाई दारातच उभ्या होत्या. लेकीने जुन्या कॉम्प्युटरवर सवत आणावी तसं त्यांनी त्या खोक्याकडे पाहिलं.

"जुना चालून राह्यला ना? मंग हा काऊन आणला?"

"चालते कुठी, आई? ठेवलेलं ठेवतच नाई तो."

हे खरं होतं आणि खोटंही. बाबारावांचा तो कॉम्प्युटर सुरू केला की पंखा जात्यासारखा घरघरायचा. पडद्याचा खालचा एक कोपरा काळा पडला होता, तिथलं काहीच दिसत नसे. पण ठेवलेलं सगळं तो इमानदारीने ठेवायचा. एक फोटो तेवढा ठेवत नव्हता. तो खुद्द बाबारावांचा होता. रविवारी त्यांना जाऊन वर्ष होणार, भंतेजी येणार, गावोगावचा गोतावळा येणार, आणि भिंतीवर तोच फोटो लागायचा होता.

आता बाबाराव कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम कोणीही करतो. बाबारावांचं नाव झालं ते निराळ्याच कामाने. आपल्याकडे जंगलातल्या आणि सरहद्दीवरच्या गावांत कितीतरी माणसांचा जन्मात एक धड फोटो निघत नाही. आधार कार्डावर असतो, पण त्यात देवमाणूसही चोर दिसतो. मग माणूस जातो, आणि उचलायच्या आधी कोणाला तरी आठवण होते, कोणी तरी मोबाइल काढतो. मिटल्या डोळ्यांचा तो फोटो घेऊन लोक बाबारावांकडे यायचे. पार बेल्याहून बस बदलून यायचे. बाबाराव त्या फोटोतले डोळे उघडून द्यायचे.

शहरातही असे डोळे लावून मिळतात म्हणे, पण ते सदऱ्याला बटणं लावल्यासारखे. बाबाराव आधी माणसांना बसवायचे, चहा पाजायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. "जेवताना वाढणारीकडं कसा पाह्यचा तो?" लोक गोंधळायचे. मग कोणाला तरी आठवायचं, सांगता सांगता हुंदका फुटायचा आणि बाबाराव मान खाली घालून ऐकत राहायचे. आठवड्याने फोटो तयार असायचा. घरची माणसं तो हातात घेऊन उजेडात धरायची. मग हळूच कोणीतरी म्हणायचं, "असाच पाह्यचा." अर्पिताने लहानपणापासून हे पाहिलं होतं. दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा, पण तो भीतीचा नसायचा. हा माणूस आपला बाप आहे, या अभिमानाने तिला भरून यायचं.

भूतखेतांवर बाबारावांचा काडीचा विश्वास नव्हता. "मेलेल्या मानसाचं काय भेव? जित्याचं धरावं," म्हणून ते हसायचे. पण धंद्याचा एक नेम त्यांनी पाळला होता. जित्या माणसाचे डोळे मागून आणून मेलेल्याला लावायचे नाहीत. "उसनं घेतलं का वापस द्या लागते," ते म्हणायचे, "आन आपुन दिलेलं असलं, त मांगू नये." मग एवढे डोळे आणता कुठून, असं विचारलं की ते विषय बदलायचे.

शेवटच्या काही वर्षांत त्यांची स्वतःचीच नजर गेली. नागपूरपर्यंतचे डॉक्टर झाले. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, डोळे ठणठणीत आहेत, मग दिसत का नाही ते सांगता येत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. बाबाराव डोळ्यांत गुलाबपाणी घालायचे आणि पडद्याला नाक लावून काम करायचे. घरभर तो वास असायचा.

सारा जन्म कॅमेऱ्यामागे गेल्यामुळे त्यांचा स्वतःचा फोटो कुठेच नव्हता. आधार कार्डावर होता, तोही चोरासारखा. गेले त्या सकाळी अर्पिताने मोबाइलने एक काढला होता. अर्थात मिटल्या डोळ्यांचा.

त्यावर तिने आपलेच डोळे लावले. पोरीने बापाचे डोळे उचलले, असं सारं गाव म्हणायचंच. नेम मोडतोय हे तिला कळत होतं, पण म्हाताऱ्याची एक लहर म्हणून तिने मनाची समजूत घातली. फोटो सुरेख झाला. तिने तो सेव्ह केला, आणि दुसऱ्या दिवशी उघडला तर बाबारावांचे डोळे मिटलेले. पुन्हा लावले, पुन्हा मिटले. तिसऱ्या खेपेलाही तेच. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरवर तेलुगू टायपिंग बडवणारी ती बाई. मशीन म्हातारं झालं, असं निदान करून तिने नवं मागवलं.

शुक्रवारी तिने सुट्टी घेतली आणि दुपारी दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले. थंडीचे दिवस होते. कोणीतरी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, त्याचा धूर खिडकीतून आत येत होता. ही खिडकी बाबारावांच्या खुर्चीच्या अगदी समोर. माकडांनी लोंबकळून तिचा एक गज वाकवला होता, तो तसाच राहिला होता. जुन्यातलं सगळं नव्यात जाऊ लागलं. पंखा घरघरत होता, मध्येच दम लागल्यासारखा थांबत होता, आणि अर्पिताचा जीव टांगणीला लागत होता. बाबारावांनी केलेला प्रत्येक चेहरा त्यात होता. आत्ता डिस्क गेली तर सगळंच गेलं.

दिवे लागायच्या सुमारास काम संपलं. आणि कोणी हात न लावता जुन्याचा पंखा थांबला.

इतकी वर्षं घरात भरून राहिलेला आवाज गेला, तेव्हा कुठे तो होता हे कळलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. धुराचा वास विरला आणि त्या जागी दुसराच एक वास आला... ओला, गोडसर.

"अर्पिता..." आतून चंद्रभागाबाईंचा आवाज आला. "गुलाबपान्याची शिशी सांडली काय वं?"

"शिशी कुठी हाये आता, आई... वर्ष झालं फेकून."



सगळं नीट आलं का हे पाहावं म्हणून अर्पिताने एक फोटो उघडला. बेल्याच्या आशाबाईंची चंदा. कापूस वेचताना साप चावून गेलेली, लग्न ठरलेली पोर. काय नजर दिली होती बाबारावांनी! आता म्हणेल, "आई, अजून एक भाकर." नवा पडदा लख्ख होता. अर्पिताने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि तिचा हात थांबला. चंदाच्या बुबुळात एक खिडकी दिसत होती. गजांची खिडकी, आणि एक गज वाकलेला.

तिने दुसरा फोटो उघडला, एका म्हाताऱ्याचा. त्याच्या डोळ्यांत तीच खिडकी. मग एका बाळंतिणीचा. तीच खिडकी.

जुन्या पडद्याच्या काळ्या कोपऱ्याखाली इतकी वर्षं काय दडलं होतं, तेही आता नव्या पडद्यावर उघडं पडलं होतं. 'डोळे' नावाचं एक फोल्डर. आत फोटोच फोटो, भुवईपासून गालापर्यंतच्या नुसत्या पट्ट्या. प्रत्येकीला एका मेलेल्या माणसाचं नाव, आणि प्रत्येक पट्टीत बाबाराव. खिडकीपाशी बसून त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांचे फोटो काढले होते. पापण्या, सुरकुत्या, रंग ज्याचे त्याला जमवून घेतले असतील, पण नजर त्यांची होती. कुठे ते नवरीसारखे लाजले होते, कुठे आजोबा होऊन नातवाकडे पाहत होते, कुठे रुसले होते. ऐकलेल्या एका आठवणीवरून हा माणूस परक्या माणसाच्या नजरेने पाहायला शिकला होता. असा कलावंत आपल्याशेजारी बसून भाकर खात होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, या विचाराने अर्पिताला रडूच आलं.

पट्ट्या तारखेने लागल्या होत्या. पहिल्या लख्ख होत्या. पुढे पुढे, तेल सरत आलेल्या कंदिलासारखी नजर मंद होत गेली होती. शेवटच्या पट्टीतले डोळे कॅमेरा कुठे आहे हेही शोधत होते.

एकही पट्टी त्यांच्या स्वतःच्या नावाची नव्हती.

अर्पिताने चंदाची पट्टी घेतली. अर्पिता स्वतः वाढायला बसली की बाबाराव असेच पाहायचे. पट्टी बापाच्या चेहऱ्यावर अशी बसली की कुठे सांधा दिसेना. तिने सेव्ह केलं. शनिवारी सकाळी उघडलं, आणि बाबारावांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते. ती आईला हाक मारणार, तेवढ्यात फोन वाजला. बेल्याहून आशाबाई बोलत होत्या.

"अर्पिता... माय, मले येडी म्हनू नको... चंदानं डोळे मिटले."

"कोन्त्या चंदानं, मावशी?"

"भितीवरच्या फोटोतल्या. काल राती दिवा इझवाले गेली त... मले वाटलं उजेड कमी हाये. आता उनात नेऊन पाह्यलं. मिटले वं. माही पोर दुसऱ्यांदा गेली..."

अर्पिताने चंदाचा फोटो उघडला. नव्या लख्ख पडद्यावर चंदा डोळे मिटून होती, मोबाइलमधून पहिल्यांदा आली होती तशी.

फोन कानाला तसाच होता. पलीकडे आशाबाई मुसमुसत होत्या आणि समोर पडद्यावर बाप पाहत होता. वर्षभर ती या एका नजरेसाठी तळमळली होती. उद्या सगळ्या पाहुण्यांसमोर हा फोटो लागला असता, आणि बेल्याला कोणाच्या तरी भिंतीवर काय झालं हे इथे कोणाला कळलं असतं? पण आपुन दिलेलं मांगू नये, हे याच बापाने सांगितलं होतं. लेकीला दिलेले डोळेही त्याने म्हणूनच तीनदा मिटून घेतले होते.

"मिटा, बाबा," ती पुटपुटली. आणि ती पट्टी काढून तिने आपल्या हाताने ते डोळे मिटले.

फोनवरचं मुसमुसणं एकदम थांबलं. मग आशाबाई हळूच म्हणाल्या, "उघडले... उघडले वं. पाहून राह्यली माह्याकडं."

रविवारी मिटल्या डोळ्यांच्याच फोटोला हार घातला. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं. आधी पाहुण्यांत कुजबुज झाली, की जन्मभर लोकांचे डोळे उघडून देणाऱ्याचे स्वतःचे मिटलेलेच का ठेवले? पण जो तो फोटोसमोर गेला की हात जोडत होता. आशाबाई पहाटेच्या बसने आल्या होत्या. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "आमचं आयकताना खाली मान घालून असेच पाह्यचे बाबारावजी."

मंडप रिकामा होत होता तेव्हा एक माणूस संकोचत दाराशी आला. इंद्रवेल्लीकडचा मोतीराम. हातात मोबाइल घट्ट धरलेला.

"बाबारावजी हायेत काय? माह्या घरचीचा फोटो... लक्ष्मीबाईचा..." मग त्याला हार घातलेला फोटो दिसला, आणि तो आल्या पावली वळला.

अर्पिता फोटोकडे पाहत राहिली. हे काम म्हणजे काय, हे आता तिला नक्की माहीत होतं. डॉक्टरांना न कळलेलं दुखणंही माहीत होतं. ती नुसती गप्प बसली असती तरी तो निघून गेला असता.

"बसा ना, भाऊ," ती म्हणाली. "चहा घ्या. तुमाले वाढताना कशा पाह्यच्या त्या?"

मोतीराम सांगत राहिला आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. आठवडाभर ती उन्हं उतरली की त्या खिडकीपाशी बसून आपल्याच डोळ्यांचे फोटो काढत होती. पुढच्या रविवारी मोतीराम आला, फोटो हातात घेतला आणि खाली बसला. "अशीच पाह्यची," एवढंच तो म्हणाला.

तो गेल्यावर अर्पिता नव्या कॉम्प्युटरसमोर ओढणीने पडदा पुसत बसली. चंद्रभागाबाई दिवा लावायला आल्या, तरी ती पुसतच होती.

"काय पुसून राह्यली एवढं?"

"हा खालचा कोपरा काळा दिसून राह्यला, आई..."

चंद्रभागाबाई जवळ आल्या. त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिलं, मग लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि बराच वेळ तिथेच पाहत राहिल्या.

"मले त साफ दिसून राह्यला," त्या म्हणाल्या.