शेवटच्या पत्र्याचं अंतर

फरहाने रायफलची पेटी टेबलावर आडवी ठेवली आणि बसायच्या आधीच बोलली, "सुमतीताई, माझ्या स्कोपशी कुणीतरी खेळलंय."

खांदा कॉलनीतली सुमतीची डिटेक्टिव्ह एजन्सी म्हणजे दोन खोल्या आणि एक पाटी. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. जोडीला आनंदा, राखीव दलातला निवृत्त हवालदार. फरहा त्याच्याच इमारतीतली. तिला नेमबाजी शिकायला त्याच्या जुन्या दोस्ताकडे, दयारामकडे, आनंदानेच नेलं होतं.

काल निवड चाचणी होती. राज्याच्या संघात एकच जागा. रेंजवर तीन लोखंडी पत्रे उभे केलेले, पण ते किती लांब हे कुणालाच सांगितलेलं नाही. नेमबाजाने स्वतःच्या रेंजफाइंडरमधून अंतर मोजायचं, त्या हिशेबाने स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, नॉब फिरवायचा. गोळी जाता जाता खाली उतरते, म्हणून लांबच्या पत्र्याला नॉब जास्त. एवढंच शास्त्र.

"पहिला पत्रा?" सुमतीने विचारलं.

"मधोमध."

"दुसरा?"

"लागला, पण वरच्या कडेला. शेवटच्याच्या डोक्यावरून गेली."

"शेवटचा किती दाखवला होता?"

"चारशे सदतीस. मनात म्हटलं, आज लांब लावलाय. तेवढा नॉब फिरवला."

"हा आकडा कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही. सामन्यात आकडा तोंडातून काढायचा नाही, दयारामसरांची शिस्त आहे. निकालही न बघता घरी पळाले. घरात अजून कुणाशी धड बोललेली नाही." ती थांबली. "आज संध्याकाळी यादी जाणार. घातपात सिद्ध झाला तर समिती पुन्हा संधी देईल, नाहीतर माझ्यासोबत चाचणीला उतरलेला शैलेश जाईल. पण ताई, सामान फुजैलभाईकडे होतं. सख्ख्या भावाकडे. तेवढं एक नाव निघू नये."

फुजैल मोबाईलच्या दुकानात भेटला. प्रश्न ऐकूनच त्याचा चेहरा पडला.

"रायफल तिने क्षणभर सोडली नाही. माझ्याकडे नुसती बॅग, रेंजफाइंडरची. तंबूत खुर्चीला अडकवली आणि चहाला गेलो. गलती माझीच. पण ते रेंजफाइंडर दुबईहून मीच आणलंय हो. मी बहिणीचं वाईट करीन?"

"सगळे असंच म्हणतात," आनंदा बाहेर येऊन पुटपुटला.

सुकापूरला शैलेश नवे बूट घालून बघत होता.

"हरली की डिटेक्टिव्ह? भारी आहे. शेवटचा पत्रा चारशे मीटरवर होता, नंतर पाटीवर लिहिलं त्यांनी. मी मोजला, मारला, विषय संपला."

"तंबूत गेला होतास?"

"सगळेच गेले. बॅगा तिथेच होत्या. माझीपण."

दयाराम रेंजवरच्या शेडमध्ये होता. आनंदाला बघून त्याने मिठीच मारली, चहा मागवला, डोळे पुसले.

"पोरीसारखी हाय रे मला ती. पन स्पर्धेच्या दिवशी मी पोरांच्या सामानाला हात लावत नाय. माजं सोताचं अंतर मोजायचं यंत्र पन महिनाभर मोडून पडलंय. आमी आपलं मागं उभं राहून बगायचं."

"मग चुकलं कुठे?" सुमतीने विचारलं.

"मनात. चारशे सदतीस बगितलं आनि पोरगी बिचकली. लांबचं दिसलं की बोट घाई करतं."

शेडबाहेर आल्यावर आनंदा जोशात आला. "ऐकलंत? फरहाने सांगितला तोच आकडा. खरं बोलतोय माणूस. चारशे म्हणणारा शैलेशच खोटारडा."

सुमतीने तिघांना आणि निवड समितीला फोन लावले.

दुपारी फरहा, फुजैल आणि शैलेश रेंजवर आले. समितीच्या भावना मॅडमही आल्या, दयाराम शेडमधून बाहेर आला. सुमतीने त्यांच्या हातात आधी शैलेशचं रेंजफाइंडर दिलं, मग फरहाचं.

"कालचा शेवटचा पत्रा अजून उभा आहे, तो बघा."

"यात चारशे." मॅडमनी दुसरं डोळ्याला लावलं. "यात चारशे सदतीस?"

"आकड्याशेजारचं बारीक अक्षर बघा. हे यंत्र यार्डात मोजतंय. एक बटण दाबून धरलं की मीटरचे यार्ड होतात. यार्ड आखूड, म्हणून आकडा फुगतो. फरहाने फुगलेल्या आकड्यावर नॉब फिरवला, गोळी वरून गेली."

"पण ती स्कोप म्हणाली होती," आनंदा म्हणाला.

"स्कोप बिघडला असता तर पहिला पत्राही चुकला असता. तो जवळचा, त्याला नॉब फिरवावाच लागत नाही. तो मधोमध लागला. दुसरा थोडा चुकला, तिसरा पुरता. स्कोप इमानदार होता हो. अंतर खोटं होतं."

"मग बटण दाबलं कोणी? बॅगेपर्यंत तर सगळेच गेले होते."

"चारशे सदतीस हा आकडा फक्त या यंत्रात होता, तोही बटण दाबल्यानंतर. फरहाने तो आमच्याशिवाय कुणाला सांगितला नाही. दयारामभाऊ, मघाशी शेडमध्ये तोच तुमच्या तोंडून निघाला. तुम्हाला कसा ठाऊक?"

दयाराम हसायला गेला. "पाटीवर वाचला आसंल."

"पाटीवर चारशे होतं."

"मंग मोजला आसंल मी."

"कशाने? तुमचं यंत्र महिनाभर मोडलंय. तुम्ही तंबूत हिचं काढलंत, बटण दाबलंत, आणि नीट झालं का म्हणून शेवटच्या पत्र्यावर धरून बघितलंत. मुरलेला नेमबाज खात्री केल्याशिवाय हात काढत नाही."

आनंदाला वाटलं, दयाराम आता आवाज चढवेल, शिव्या देईल. पण दयाराम खाली बसला.

"संघात निवडली आसती तर पुन्याच्या कॅम्पात गेली आसती," तो म्हणाला. "तितला कोच हिला शेजारी उभी करून फोटो काढनार. मी घडवली, आनि मिरवनार तो. पुढच्या साली मीच पाठवनार होतो. आनंदा, तू तरी सांग हिला."

आनंदा दोन पावलं मागे सरकला. ज्या हातात त्याने शेजाऱ्याची पोर दिली, त्याच हाताने केसाने गळा कापला होता.

"सर," फरहा म्हणाली, "काल रात्रभर मी माझ्या भावाला चोर समजत बसले. तुमचं नाव एकदाही मनात आलं नाही."

फुजैलने मान फिरवली. त्याला ते आत्ताच कळलं होतं.

भावना मॅडमनी दयारामची कबुली लिहून सही घेतली आणि फरहा-शैलेश दोघांनी पुन्हा नेम धरावा असं ठरवलं. नवे पत्रे, नवी अंतरं. शैलेश कुरकुरला, आणि शेवटच्या पत्र्याला चुकला. मग फरहा चटईवर आडवी झाली. दोन पत्रे वाजवले, शेवटचा उरला.

"श्वास सोडून, सावकाश," मागून दयाराम सवयीने बोलला.

तिने डोळा स्कोपवरून काढला. मागे न बघता म्हणाली, "आनंदाकाका, यांना फाटकाबाहेर न्या. मग मारते."

आनंदाने दयारामचा दंड धरला. दोघं फाटकातून बाहेर पडत होते तेव्हा मागे गोळी सुटली आणि लांबवर शेवटचा पत्रा खणकन वाजला. दयाराम थबकला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, पोर पास झाल्यावर मास्तराच्या चेहऱ्यावर येतं तसं.

"हसायचं नाही," आनंदा म्हणाला, आणि त्याला रस्त्यावर ढकलून त्याने फाटक आतून लावून घेतलं.