लाल ताऱ्याकडे टक लावू नये

“दिवा! अगं, दिवा बंद कर आधी!”

बाकोन्यच्या टेकडीवरच्या तारे बघायच्या शिबिरात माझं स्वागत हे असं झालं. मी आपली मोबाईलच्या उजेडात तंबू शोधत होते, तर कुणीतरी धावत आलं आणि माझ्या मोबाईलवर सरळ आपली टोपीच घातली.

“डोळे अंधाराला सरावले होते माझे,” टोपीवाला म्हणाला. “घालवलंस सगळं!”

“आणि मी खड्ड्यात पडले असते म्हणजे?”

“मग… उचललं असतं.”

हा आबेल. अंधारात इतकं गोड बोलणारा हा मुलगा उजेडात मात्र अगदीच वेगळा. सकाळी नाश्त्याला माझ्याकडे झटकन बघायचा आणि लगेच नजर काढून घ्यायचा, जणू माझ्या नाकाला जॅम लागलाय. मी दोनदा नाक पुसलं. काही नव्हतं!

बदलत्या ताऱ्यांचं तेज मोजण्यात पिरोश्का नेनींचा जन्म गेलेला. शिबिर या नेनींचं, म्हणजे आमच्या मावशींचंच. त्यांनी आम्हा दोघांना मिळून एक दुर्बीण दिली आणि एक तारा दिला, हंस तारकासमूहातला.

“हा कार्बनचा तारा,” नेनी म्हणाल्या. “पोटातला कार्बन वर येतो, निळा प्रकाश गिळून टाकतो. मग उरतो तो हा असा.”

मी डोळा लावला. “अगं बाई… मिरचीच की ही! वाळलेली!”

“आणि लहरीही तेवढाच. सव्वा वर्षात उजळतो, विझत जातो, पुन्हा उजळतो. पण ठरल्या दिवशी येईलच, असं नाही हं.”

शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज किती ते ठरवायचं, आणि दोघांचं ठरेपर्यंत एकमेकांना सांगायचं नाही, हा नेनींचा नियम. रोज माझ्याच नोंदीत तारा जास्त तेजस्वी निघायचा.

“तुला सगळंच जास्त दिसतं, एमोके,” आबेल हसायचा. वर माझ्या अंगावर स्वतःचा स्वेटर टाकायचा, तळलेल्या लांगोश-पावाचा मोठा तुकडा माझ्या हातात ठेवायचा. आणि सकाळी पुन्हा तेच… एक नजर, की मान खाली! काय समजायचं माणसानं? मला तो आवडायला लागला होता, आणि त्याला मी आवडते की नकोशी होते, काही म्हणता काही कळेना.

शनिवारी दुपारी पाऊस आला. सगळे स्वयंपाकाच्या छपराखाली शेंगा सोलत बसलो होतो. नेनी सहज म्हणाल्या, “आबेल, उद्या दहाची बस ना? पोहोचलास की कळव. एस्तोनिया काही जवळ नाही बाबा.”

“एस्तोनिया?” मी विचारलं.

“नोकरी लागलीय. दोन वर्षं,” तो पुटपुटला. माझ्याकडे बघितलं… आणि नजर शेंगांत. असा राग आला मला! आठवडाभर शेजारी उभा राहतो आणि एका शब्दानं सांगत नाही?

तो पाणी आणायला गेला तेव्हा मी नेनींना भलतंच विचारलं. “माझाच तारा रोज जास्त का दिसतो हो?”

“टक लावतेस म्हणून. लाल ताऱ्याची हीच तर गंमत आहे. बघत राहिलं की तो उजळत जातो. तारा नाही हं, आपला डोळाच फसतो. झटकन बघायचं, नजर काढून घ्यायची. आबेलला विचार, त्याच्याइतकं कुणाला जमत नाही.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. झटकन बघायचं… नजर काढून घ्यायची… म्हणजे? आणि आठवडाभर त्याच्याकडे टक लावून बसलेली मी? माझंच आवडणं उगीच वाढलेलं असेल तर?

सकाळी बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो.

“तू माझ्याकडे नीट बघत का नाहीस रे?” मी विचारूनच टाकलं.

त्याचे कान लाल झाले. “चूक नको व्हायला म्हणून. मी जाणार होतो ना… म्हटलं, हे उगीच वाढलेलं असेल, तर तुला कशाला सांगायचं?”

“मग? किती भरलं?”

“तू आधी सांग.”

“नियम काय आहे? दोघांचं ठरल्याशिवाय बोलायचं नाही.”

“माझं टोपी घातली तेव्हाच ठरलं होतं. रोज ताडून बघितलं… कमी होतच नाही, एमोके.”

“माझ्या आकड्यावर नेनी काट मारतील. मी टकच लावत होते. पण आवडतोस तू मला. खूप. खरं किती, ते नाही सांगता येत.”

वळणावर बस दिसली. त्यानं बॅग उचलली, नजर नेहमीसारखी खाली.

“आता तरी बघ ना माझ्याकडे,” मी म्हणाले. “टक लावून.”

“चूक होईल…”

“होऊ दे.”

त्यानं बघितलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला, काहीतरी ओरडलाही. आबेल बघतच राहिला. दहाची बस निघून गेली, आणि पुढची थेट संध्याकाळी होती.